अंगाला गन, डोळ्याला ब्रश

"अजून ब्रशनेच?" प्लॅस्टिकची स्केल मॉडेलं, म्हणजे खऱ्या विमानं-रणगाड्यांच्या मापात लहान केलेल्या प्रतिकृती, करणाऱ्या कुणाशीही नवी ओळख झाली की तिसऱ्या-चौथ्या वाक्याला हा प्रश्न येतोच. विचारणारा भला माणूस असतो. त्याच्याकडे एअरब्रश, म्हणजे रंग फवारणारी छोटी गन, असतो, तिला हवा देणारा कॉम्प्रेसर असतो, आणि त्याच्या विमानांच्या पंखांवर रंग इतका सपाट बसलेला असतो की बोट फिरवून पाहावंसं वाटतं. मीही या कष्टांतून लवकर सुटावं, असं त्याला मनापासून वाटत असतं.

पूर्वी मी कारणं सांगायचो, आणि ती खरी होती. ठाण्यात नौपाड्यातल्या जुन्या इमारतीतलं घर, रात्री सगळे आडवे झाल्यावर जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा माझा. तिथे कॉम्प्रेसर घरघरायला लागला तर खालच्या मजल्यावरचे काका वर यायला वेळ लागणार नाही. फवारा बाहेर सोडायला मोकळी खिडकी हवी. आमच्या खिडकीत तुळस, वाळत टाकलेली पायपुसणी आणि शेजारच्यांच्या एसीची पाठ. ब्रशला यातलं काही लागत नाही. पाण्याची वाटी, जुन्या बनियनचं फडकं, टेबललॅम्प. उठताना सगळं एका ट्रेमध्ये भरलं की टेबल पुन्हा जेवणाचं.

आता कारणं सांगायचं सोडून दिलंय. ब्रश मला आवडतो, एवढंच सांगतो. पण तो का आवडतो, कुठे हरतो आणि कुठे कुणालाही ऐकत नाही, हे दोन वाक्यांत सांगता येत नाही म्हणून इथे लिहितोय.

आधी आकाराचा अंदाज यावा म्हणून थोडं गणित. विमानांच्या मॉडेलांत सगळ्यात रुळलेलं माप १/७२. खऱ्यातले सहा फूट म्हणजे मॉडेलवर एक इंच. ब्रिटनच्या एअरफिक्सने १९५३ साली काढलेलं त्यांचं पहिलं विमान, स्पिटफायर, याच मापाचं होतं. रणगाड्यांचं माप १/३५, आणि त्यामागे कुठलाही सिद्धांत नाही. जपानच्या तामिया कंपनीला आपल्या पँथर रणगाड्यात मोटर चालवायला बॅटरीचे सेल बसवायचे होते. ते पोटात मावतील एवढा रणगाडा केला, तो भरला १/३५, आणि पुढे जगभर तेच माप चालू झालं. मला ही हकिगत फार आवडते. इतकी काटेकोर मोजमापं करणाऱ्या या छंदातलं एक मुख्य माप सेलच्या जाडीवरून ठरलंय.

तर १/७२. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सने जी मिग-२१ विमानं बांधली, त्यांच्या पंखांचा पसारा ७.१५ मीटर. मॉडेलवर तो जेमतेम १० सेंटिमीटर, तळहाताएवढा. आता या पंखावर ब्रश फिरवला आणि केसांच्या रेघांचा नुसता दशांश मिलिमीटर उंचवटा राहिला, तर खऱ्या विमानावर तो सात मिलिमीटरचा बांध झाला. असं विमान कुणी उडवणार नाही. ब्रशने रंगवणाऱ्याची सगळी धडपड या बांधाविरुद्ध असते. रंग पातळ हवा, हात जास्त हवेत, आणि प्रत्येक हात पुरता वाळलेला हवा.

किती पातळ? इंग्रजीत लिहिणारे झाडून सगळे सांगतात: दुधाइतका. हे वाचून ठाण्यातल्या माणसाने काय समजायचं? म्हशीचं, गाईचं, पिशवीतलं टोन्ड, की कामवाल्या बाईंच्या नजरेसमोर गॅसवर अर्धा तास आटलेलं? माझं मत टोन्डच्या बाजूने. पहिला हात दिल्यावर खालचा करडा प्रायमर, म्हणजे रंगाआधी दिलेलं अस्तर, सरळ दिसला पाहिजे, आणि मन खट्टू झालं पाहिजे. दुसऱ्या हाताला ठिगळं-ठिगळं दिसतात. तिसऱ्याला रंग धरतो. चौथ्यानंतर हे आपणच केलं का असं वाटतं. पहिल्याच हाताला जो रंग झाकतो, त्याच्या रेघा जन्मभर दिसतात.

ॲक्रिलिक रंग म्हणजे पाण्यात विखुरलेले प्लॅस्टिकचे अतिसूक्ष्म कण आणि त्यांच्यात रंगद्रव्य. पाणी उडून गेलं की कण एकमेकांना बिलगतात आणि त्यांचा सलग पापुद्रा होतो. मग त्यावर पाणी ओतलं तरी तो विरघळत नाही. पण ओला आणि वाळलेला यांच्या मधे काही मिनिटं अशी असतात, की वर साय धरलेली असते आणि खाली अजून पातळच असतं. त्या वेळात ब्रश परत त्याच जागी फिरवला की साय गोळा होऊन येते. राहिलेला ठिपका त्या क्षणी डोळ्यांत खुपतो, हात शिवशिवतात, आणि नेमकं तेव्हाच हात मागे घ्यायचा असतो. तो ठिपका पुढच्या हाताला आपोआप बुजतो.

रंगारंगांत स्वभावाचा फरक आहे. स्पेनचा वायेहो, ज्याला आपल्याकडे सगळे वॅलेजोच म्हणतात, तो ब्रशसाठीच जन्मलेला. थेंबाथेंबाने निघणारी बाटली, पाण्याने पातळ होतो, फक्त उघड्या प्लॅस्टिकवर नख लागलं तरी निघतो म्हणून खाली प्रायमर हवाच. तामियाचा रंग त्याच्या उलट. फवाऱ्याने मारा, त्याच्यासारखा दुसरा नाही. ब्रशने मारा, तर त्यातल्या अल्कोहोलमुळे दुसरा हात पहिल्याला उचलतो. त्यात वाळणं लांबवणाऱ्या रिटार्डरचे दोन थेंब टाकले आणि पहिला हात रात्रभर वाळू दिला तर तो वठणीवर येतो, पण मिनतवारी करून घेतो. शाळेच्या दुकानात मिळणारे क्राफ्टचे ॲक्रिलिक मी विमानाला लावत नाही. त्यांचा कण जाड. विमानाखालची धावपट्टी, माती, गवत यांना ते झकास.

यात ठाण्याची हवा आपलं घालते ते वेगळंच. मे महिन्यात पंख्याखाली रंग विमानावर पोचायच्या आत ब्रशवरच सुकतो, आणि पंखा बंद केला तर घाम कपाळावरून थेट कॉकपिटमध्ये. जुलैत उलट. येऊरच्या डोंगरावरून एकदा पाऊस उतरला की आठवडा-आठवडा उघडीप नाही, टॉवेल वाळत नाहीत तिथे रंग काय वाळणार. रात्री दिलेला हात सकाळी बोटाला किंचित चिकटतो. पण ब्रशवाल्याला हा ओलावा सोसतो, नव्हे मानवतो. रंग सावकाश पसरतो, रेघांना आपणहून बसायला वेळ मिळतो. माझे सगळ्यांत सपाट पंख पावसाळ्यातले आहेत. वेट पॅलेटची मात्र तेव्हा काळजी घ्यावी लागते. हवाबंद डबा, तळाला ओला टिश्यू, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग: उन्हाळ्यात याच्यासारखी सोय नाही, रंग दोन-दोन दिवस ओला राहतो. पावसाळ्यात तिसऱ्या दिवशी त्याला कुबट वास येतो. वायरमधून काढलेला तांब्याच्या तारेचा तुकडा पाण्यात टाकून ठेवला की बुरशी जरा दबून राहते. ही युक्ती परदेशातले लोक तांब्याचं नाणं टाकून करतात. आपली एक-दोन रुपयांची नाणी आता स्टीलची.

पंखावरचा एक हात कसा पडतो ते सांगतो. ब्रश चपटा, पाव इंची, सिंथेटिक. रंगात फक्त अर्धे केस बुडवायचे, मुळाशी रंग गेला की ब्रश मेला. मग फडक्यावर एकदा हलकेच टेकवायचा. हे टेकवणं ज्याला जमलं त्याला निम्मं काम जमलं, कारण तेवढ्याने जास्तीचं पाणी जातं आणि रंग राहतो. ब्रश पंखाच्या मधे उतरवायचा आणि मागच्या कडेकडे न्यायचा, कडेवरून सरळ हवेत. कडेवरून आत आणला तर ब्रश तिथे निथळतो आणि रंगाची मणीमाळ तयार होते. दुसरा पट्टा पहिल्याच्या ओल्या कडेला किंचित चढवून. पंख संपेपर्यंत श्वास सोडायचा नाही असा नियम नाही, पण तो सुटत नाही. यानंतरचा हात आडवा, हवा वाहते त्या दिशेला काटकोनात. शेवटचा हात मात्र हवेच्या दिशेनेच, कारण काही रेघ उरलीच तर ती पाऊस-वाऱ्याने ओढलेल्या डागांत मिसळून जाते.

आमच्या घराजवळ दर आषाढात ताडपत्रीचा मांडव पडतो आणि पेणहून कच्च्या गणेशमूर्ती येतात. रंगकाम इथेच. मी भाजी आणायला निघतो आणि तिथे उभा राहतो. मूर्तीला आधी पांढरा, मग अंगाचा रंग; तो कॉम्प्रेसरच्या गनने. पोरगा गन घेऊन फिरतो आणि बघता बघता रांगेतल्या सगळ्या मूर्तींना कांती येते. गालाच्या, सोंडेच्या सावल्याही गननेच. पीतांबर, शेला, दागिने ब्रशने. सगळ्यात शेवटी आखणी, म्हणजे डोळे. ती करणारे काका वेगळे. ते दुपारी करत नाहीत, आणि त्या वेळी कुणी त्यांच्याशी बोलत नाही.

एकदा चहाच्या वेळेला मी विचारलंच. "काका, एवढी चांगली गन आहे, बारीक नोझल लावून डोळे नाही का होत?"

"साहेब, अंगाला गन, डोळ्याला ब्रश," काका बशीत चहा ओतत म्हणाले. "गन फवारते. ती कुठे थांबायचं ते ठरवत नाही."

त्यांची एक लकब मी तेव्हापासून उचललीय. रंग भरलेला ब्रश मूर्तीला लावण्याआधी ते डाव्या अंगठ्याच्या नखावर एक रेघ ओढतात. रेघ पसरली तर रंग पातळ, तुटली तर जाड, सुरुवातीला गोळा आला तर ब्रशवर जास्त. त्यांच्या नखावर संध्याकाळपर्यंत काळ्या रेघांचा थर असतो. विमानाच्या काचेची चौकट रंगवताना माझ्याही नखावर असतो.

ती काचेची चौकट हे माझं आवडतं काम, आणि इथे एअरब्रशवाल्या मित्रांचं मला खरंच वाईट वाटतं. हरिकेन विमानाची कॅनोपी म्हणजे बोटाच्या पेराएवढं पारदर्शक प्लॅस्टिक आणि त्यावर चौकटीच्या पट्ट्यांचं जाळं. प्रत्येक पट्टी मिलिमीटरहून अरुंद. एअरब्रशवाला मास्किंग टेपचे केसाएवढे तुकडे कापून एकेक काच झाकतो, मग फवारतो, मग चिमट्याने एकेक तुकडा सोलतो. मी टोकदार दोन नंबरचा ब्रश घेतो. अगदी बारीक ट्रिपल झिरो नाही. त्याच्या पोटात रंग मावतच नाही, अर्ध्या पट्टीत सुकतो. मोठ्या ब्रशला चांगलं टोक असलं की तो टाकीसारखा रंग साठवतो आणि टोकाने बारीक रेघ देतो. पट्टीच्या उंचवट्यावर टोक टेकवून ओढत न्यायचं. बाहेर गेलं तरी जाऊ द्यायचं. ॲक्रिलिकची पकड गुळगुळीत काचेवर कच्ची असते. अर्ध्या तासाने टूथपिकचं टोक पाण्यात भिजवून कडेने घासलं की बाहेर गेलेला रंग सोलून निघतो आणि मागे सुतासारखी सरळ कड राहते. जाड रंगाचा, एनॅमलचा काळ आठवणाऱ्यांना हे सांगितलं की ते हळहळतात.

ब्रशचा विषय निघालाय तर केसांचंही सांगून टाकतो. पूर्वी आर्ट मटेरियलच्या दुकानांत मुंगसाच्या केसांचे ब्रश मिळायचे आणि जुने चित्रकार त्यांची तारीफ करायचे. मुंगूस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे, त्याच्या केसांचा व्यापार गुन्हा आहे. २०१९ मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोने 'ऑपरेशन क्लीन आर्ट' नावाने याविरुद्ध देशभर छापे घातले. कुणी गुपचूप काढून दाखवला तर घेऊ नका. कोलिन्स्की, म्हणजे सायबेरियातल्या वीझल या लहान प्राण्याच्या शेपटीचा ब्रश, उत्तम आणि महाग. सिंथेटिकचं टोक काही महिन्यांत आकड्यासारखं वळतं, ते वळलं की त्याला रंग ढवळायला लावायचा.

महागाईचं निघालं तर, २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० झालं, २०२३ मध्ये ७०. आणि सीमाशुल्काच्या वर्गवारीत स्केल मॉडेलं खेळण्यांच्याच खात्यात. पन्नाशीच्या माणसाने महिनाभर खपून केलेलं विमान सरकारदरबारी खेळणं. आमच्या आईचं मतही सरकारसारखंच आहे.

आता हरण्याबद्दल. दोन रंग जिथे धुक्यासारखे एकमेकांत विरतात, तिथे ब्रश हरतो. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन विमानांच्या कुशींवरचे पुसट ठिपके, वाळवंटी रणगाड्यांवरचे विरळ पट्टे. कोरड्या ब्रशने, स्पंजने, पातळ रंगाच्या दहा-दहा लेपांनी तिथे सोंग आणता येतं, पण जवळून बघितलं की कळतं. खरी वस्तू स्प्रेगननेच रंगवलेली होती, तिथे गनच हवी.

पण सगळ्या खऱ्या वस्तू गनने रंगवल्या होत्या असं कुणी सांगितलं? जून १९४४. फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरायच्या आदल्या दोन-तीन दिवसांत दोस्त राष्ट्रांच्या हजारो विमानांवर काळे-पांढरे पट्टे मारायचा हुकूम सुटला. वर्षभरापूर्वी सिसिलीवर आपल्याच लोकांनी आपलीच विमानं पाडली होती, ते पुन्हा नको म्हणून. गुप्तता इतकी की आधी मारून ठेवायची सोय नाही. जमिनीवरच्या पोरांनी हातात येईल तो ब्रश, कुंचा घेऊन रातोरात पट्टे ओढले. जर्मन रणगाडे १९४३ पासून कारखान्यातून गडद पिवळे यायचे, आणि हिरव्या-तांबड्या रंगाची पेस्ट डब्यांतून सोबत. तुकडीने ती पेट्रोलमध्ये किंवा पाण्यात कालवायची आणि मिळेल त्याने फासायची. बर्फात रणगाड्यांना चुन्याची सफेदी तर जर्मन आणि रशियन दोघेही बहुतेकदा ब्रशनेच मारत. आपल्याकडची १९७१ ची मिग-२१ बघा. चांदीसारख्या उघड्या धातूच्या विमानांवर युद्धाच्या सुमारास स्क्वाड्रनांनी आपापल्या परीने हिरवे, मातकट रंग चढवले. जुन्या छायाचित्रांत एका स्क्वाड्रनचा नमुना दुसऱ्याशी जुळत नाही.

हे सगळं वाचून ब्रशवाल्याची छाती फुगते. मग वरचं गणित आडवं येतं. पट्टे ब्रशने मारले म्हणून मॉडेलवर ब्रशच्या रेघा ठेवल्या तर चालतील का? नाही. सैनिकाच्या ब्रशची रेघ मिलिमीटरभर उंच असली तरी १/७२ मध्ये ती भिंगातूनही दिसणार नाही. रेघांचं समर्थन इतिहासात शोधता येत नाही. मग त्या पोराचा हात मॉडेलवर दिसणार कुठे? कडेला. एकइंजिनी विमानावरचा प्रत्येक पट्टा १८ इंचांचा ठरला होता, म्हणजे मॉडेलवर सव्वासहा मिलिमीटर. खऱ्या पट्ट्याची कड दोन-तीन इंच इकडेतिकडे गेली असेल तर मॉडेलवर ती मिलिमीटरभर हलते, आणि मिलिमीटर डोळ्याला स्वच्छ दिसतो. टेप लावून फवारलेले पट्टे कानाकोपऱ्यात एकसारखे येतात. ते सुंदर दिसतात आणि ५ जूनच्या रात्रीचे वाटत नाहीत. मी पट्टे टेपशिवाय ओढतो. पृष्ठभाग आरशासारखा सपाट आणि कड किंचित बेताल. हे दोन्ही एकाच ब्रशने साधायचं तर एकीकडे हात आवरावा लागतो आणि दुसरीकडे सोडावा लागतो. काकांच्या त्या थांबण्याचा अर्थ मला इथे लागला.

पांढरा आणि पिवळा हे मात्र ब्रशवाल्याचे जन्माचे वैरी. दोन्ही झाकत नाहीत. पिवळ्याखाली आधी फिका गुलाबी किंवा हस्तिदंती द्यावा लागतो, काळ्यावर थेट पिवळा मारला तर तो कळकट हिरवा होतो. आपल्या वायुदलाच्या खुणेतला बाहेरचा केशरी कडाही याच जातीचा. खाली पांढरा पक्का बसला नाही तर केशरी मंद पडतो. पांढऱ्याला सहा-सात हातांना पर्याय नाही, आणि त्यातला तिसरा देताना माणूस हमखास चिडतो.

सध्या टेबलावर हरिकेन आहे. १९४२ नंतर भारत-ब्रह्मदेश आघाडीवरच्या विमानांच्या खुणेतला मधला लाल गोळा काढून टाकला, कारण जपानी विमानांची खूणच लाल गोळा होती आणि धांदलीत लाल दिसलं की लोक गोळी झाडत. सुरुवातीला त्या लालावर पांढरा फासून काम भागवलं, पुढे गडद आणि फिक्या निळ्याची नवी खूण आली. किटबरोबर आलेल्या डेकलमध्ये, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चित्रांत, ब्रिटिश खूण आहे, लालासकट. बिनलालाचं डेकल बाहेरून मागवता येतं. मी आहे तेच चिकटवलं, वर ग्लॉस वार्निश दिलं आणि टोकदार दोन नंबरने लालावर पांढरा लावला. एकच हात. खालचा लाल गुलाबीसर डोकावतोय.

"ते मधलं नीट झालं नाही," आई सकाळी चहाचा कप ठेवता ठेवता म्हणाली. "अजून एक हात दे."

नाही देणार.